वाढत्या अंगाचा पायजमा

“अंग झाकल्यानं कोणी पडलं आहे का जी आजवर?”

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतून हा प्रश्न बाहेर आला तेव्हा मी व्हरांड्यात हजेरीपट घेऊन उभी होते. आवाज बापूसाहेबांचा, म्हणजे आमच्या शाळेच्या समितीच्या अध्यक्षांचा. दार अर्धं उघडं होतं. बाई काहीतरी पुटपुटल्या. त्या नेहमीच इतक्या हळू बोलतात, की तो विरोध आहे का होकार, हे ऐकणाऱ्यानं आपापल्या सोयीनं ठरवावं. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. मग बापूसाहेब म्हणाले, “शुक्रवारी पालकांना बोलवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. पोरींच्या त्या जिम्नॅस्टिक्सच्या कॉश्च्युमचं एकदाचं मिटवून टाकू.”

मी पाय न वाजवता तिथून निघाले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पडलं आहे. एक मुलगी पडली आहे, नऊ वर्षांपूर्वी, माझ्या डोळ्यांदेखत. आणि बापूसाहेब तेव्हा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, पायावर पाय टाकून बसले होते.

धान कापायला आलं की आमच्या भंडाऱ्यात शाळांच्या स्पर्धा सुरू होतात. सकाळी नदीवरचं धुकं रस्त्यापर्यंत चढून येतं. वरठीच्या कारखान्याची पहिली पाळी कानाला मफलर गुंडाळून सायकलींवर जाते. धानाच्या बांध्यांमधलं पाणी आटलेलं असतं, चिखल मात्र ओला, आणि कापलेल्या धानाच्या खुंटांमधून पेरलेली लाखोळी हिरवीगार वर येते. बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या लागतात. ते सोलून खाल्ले की दिवसभर बोटं काळी राहतात. लोकांना हा ऋतू आवडतो. घरात नवा तांदूळ येतो, अंगावर ऊन घ्यावंसं वाटतं, माणसं एकमेकांशी जरा बरी बोलतात. मला हा ऋतू आवडत नाही. नव्या तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास आला की मी खिडकी लावून घेते.

आमचं शेत नाही. वडील कचेरीत कारकून. तणसीचा वास मला गाद्यांमुळे माहीत आहे. आमच्या शाळेत जिम्नॅस्टिक्सला जाड गाद्या नव्हत्या. पोत्यांच्या मोठाल्या खोळी शिवलेल्या होत्या आणि दर वर्षी धान झोडून झालं की त्यांतली जुनी, भुगा झालेली तणीस काढून नवी भरायची. भरायचं काम आम्हा मुलींचंच. पहिले आठ दिवस गादी इतकी फुगलेली असे, की कोलांटी मारून उठलं की केसांत, कानात, गळ्यात काड्या. नंतर ती बसत जाई. जानेवारीपर्यंत खालची जमीन लागायला लागे.

त्या गाद्यांवर सगळ्यांत जास्त वेळा आपटलेली आणि सगळ्यांत कमी रडलेली मुलगी म्हणजे वंदना. सातवीत माझ्या शेजारी बसायची. वरठीची. वडील कारखान्यात होते आणि मुलगी इंग्रजी शाळेतच शिकली पाहिजे हा त्यांचा हट्ट. रोज पाळीवर जाण्याआधी ते तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडून जात. ती शाळेच्या फाटकाच्या आत इंग्रजी बोले आणि फाटकाच्या बाहेर पडताच वरठीची होई. “चाल वं, कायले उभी राहिली खांबावानी?” मी खांबासारखीच उभी असे. मला चारचौघांत हात कुठे ठेवावेत हेसुद्धा कळत नसे.

जिम्नॅस्टिक्समध्ये मी का गेले? उंची कमी होती, वजन कमी होतं, आणि लांजेवार बाईंनी नाव लिहून घेतलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. लांजेवार बाई आमच्या पी.टी.च्या बाई. मला तो खेळ बरा येत होता. वंदनाला तो येत होता म्हणणं कमी पडेल. सुतारानं सागाच्या तुळईचं बीम करून दिलेलं होतं, चार इंच रुंद, वर जुनी सतरंजी ठोकलेली. त्यावर ती चढली की जमिनीवर चालताना जशी बोले तशीच बोलत राही. एकदा हातांवर उलटी उभी असताना तिनं मला विचारलं होतं, “आज डब्यात काय आणलंस वं?”

कपड्यांचा प्रश्न तेव्हा नव्हता. शाळेचा झगा, खाली इलॅस्टिकचा ब्लूमर, झगा ब्लूमरमध्ये खोचलेला. लांजेवार बाईंना मात्र नियम माहीत होते. विभागीय स्पर्धेला नागपूरला जायचं तर तो परदेशी कापडाचा, अंगाला बसणारा, पाय उघडे ठेवणारा कॉश्च्युम लागणार. त्याचं खरं नाव आम्हाला शाळेत शिकवलं होतं, पण ते उच्चारताना सगळे खाली बघत. बाईंनी एका साप्ताहिकातला फोटो कापून सरावाच्या हॉलमध्ये लावला होता. कुठल्याशा देशाची आमच्याच वयाची मुलगी, पांढरा कॉश्च्युम, दोन्ही हात वर. आठवडाभरात कोणीतरी त्या मुलीला बॉलपेननं निळा परकर काढला. घोट्यापर्यंत. अगदी मन लावून, चुण्यांसकट. कोणी काढला ते कळलं नाही. हॉलच्या किल्ल्या फक्त मोठ्या माणसांकडे असत.

त्या हॉलला सहा खिडक्या होत्या. रस्त्याच्या बाजूला, कंबरेइतक्या उंचीवर, झडपा कधीच्या गेलेल्या. पावसाळ्यात तिथे कोणी नसे. धान कापायच्या दिवसांत संध्याकाळी माणसं जमत. सायकल भिंतीला टेकवून, एक पाय पेडलवर, तोंडात काडी. काही पोरं होती, पण बहुतेक घरी मुलीबाळी असलेली माणसं होती. एक जण वर्तमानपत्र घेऊन येई आणि ते उघडून धरी. पान मात्र उलटत नसे. लांजेवार बाई ओरडल्या की एखादा म्हणे, “खेळच पाहून राहिलो ना बाई, पैसे थोडी मागता?” आणि सगळे हसत.

वंदनाला त्या खिडक्या दिसत नसत. मला त्या पाठ करूनही दिसत. कोलांटी मारताना झगा सुटला तर, कमान टाकताना पोट दिसलं तर, याचाच हिशोब माझ्या डोक्यात सतत चाले. नागपूरहून पहिला नमुन्याचा कॉश्च्युम आला आणि बाईंनी तो दोन बोटांत धरून आम्हाला दाखवला, तेव्हा वंदना म्हणाली, “अरे वा! पायात काहीच अडकत नाही ह्याच्यात.” मला मांडीवर सहा खिडक्यांची नजर वळवळल्यासारखी वाटली.

मी घरी गेले आणि आईला सांगितलं. माझ्या आयुष्यात मी आपणहून मागितलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी ही एक. मी काय सांगितलं तेही मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, “आई, मला तो घालायचा नाही. बनियनच्या कापडाची काळी, तंग विजार मिळते ना, घोट्यापर्यंत, पायाला चिकटून बसणारी, ती आत घालून वरून तो घातला तर चालेल का, विचार ना बाईंना.”

आई भाजी निवडत होती. “तुला नको ना? मग नको. मी बोलते.”

आई बोलली. पण लांजेवार बाईंशी नाही, सरळ मुख्याध्यापिकाबाईंशी. मुख्याध्यापिकाबाई समितीशी बोलल्या. एका घरातून निघालेलं वाक्य तीन खोल्या ओलांडून बापूसाहेबांच्या टेबलावर पोचलं तेव्हा त्याचं ‘पालकांची तक्रार’ झालेलं होतं. माझं नाव त्यातून गळून पडलं होतं, याचं तेव्हा मला बरंच वाटलं.

तंग विजार बापूसाहेबांना पसंत पडली नाही. लांजेवार बाईंनी ती मागवून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती पेन्सिलीच्या टोकानं उचलून पाहिली म्हणे. “बाई, हे तर उघड्यापेक्षा वाईट. सगळा आकार दिसते.” मला ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षांनी समजली, पण तिनं माझा राग नीट जागेवर बसवला. मला वाटलं होतं त्यांना कातडी झाकायची आहे. त्यांना आकार झाकायचा होता. मुलीला पाय आहेत हीच मुळात त्यांची तक्रार होती. मी झाकायला मागितलं होतं ते मला मोकळं खेळता यावं म्हणून. ते झाकायला निघाले होते ते बघणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. सहा खिडक्यांना पुरेल एवढा मांजरपाटाचा पडदा लावू, असं त्या समितीत एकालाही सुचलं नाही. एवढी शहाणी माणसं. संघातल्या सहा मुली गुंडाळायच्या ठरल्या, खिडक्या तशाच राहिल्या.

त्याच बैठकीत आणखी एक वाक्य कोणीतरी बोललं, ते मात्र तेव्हाच माझ्या कानावर आलं. लांजेवार बाई म्हणाल्या होत्या की वंदनाला काही अडचण नाही, तिच्या वडिलांचीही नाही. त्यावर उत्तर आलं, “त्यांच्यात काय, चालते सगळं.” ‘त्यांच्यात’ म्हणजे कोणात, हे सातवीतल्या मला कळलं नव्हतं. वंदनाच्या घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या वडिलांना भेटलं की ते ‘जयभीम’ म्हणत, आणि आमच्या घरातल्यापेक्षा तिथे जास्त पुस्तकं होती, एवढंच मला माहीत होतं. आता कळतं. त्या वाक्यात तिच्या बापाच्या मताची किंमत ठरली होती.

तर पायजमे शिवायचे ठरले. निळे, टेरिकॉटचे, खाली नाडीनं आवळलेले, वर कंबरेखाली येणारा सदरा. शाळेचे कपडे बाजारातले शालिक मास्तर शिवत. ते बाईमाणसाचं, मुलीचं माप अंगावर कधी घेत नसत. त्यांच्या बापानंही घेतलं नव्हतं. मापाचा कपडा आणून द्यायचा, त्यावरून ते बेतत. झग्याला झगा, पोलक्याला पोलकं. आता सहा मुलींपैकी एकीकडेही पायजमा नव्हता. मुली पायजमे घालत नव्हत्या. शालिक मास्तरांनी त्यावर साधा तोडगा काढला. “घरात भाऊ असंन ना? भावाचा आणा.”

मला भाऊ नाही. आईनं शेजारच्या मुलाचा आणला. वंदनाला एकच भाऊ, दहावीतला, ताडमाड. शालिक मास्तरांनी त्याचा पायजमा पसरला, वंदनाकडे मान वर न करता अंदाजानं पाहिलं आणि म्हणाले, “लांब होईन थोडा. कापत नाही. आत चार बोटं दुमडून कच्ची शिलाई मारून देतो. वाढत्या अंगाचा होईन. दोन वर्ष निघतीन.”

लांजेवार बाई म्हणाल्या, “मास्तर, खेळायचा आहे, सणाला घालायचा नाही.”

“तेच म्हणतो ना बाई. पोरगी का एवढीच राहणार आहे?”

हे आमच्याकडचं शहाणपण. कपडा कधी आजच्या मुलीसाठी शिवायचा नाही. दोन वर्षांनी ती जी होईल तिच्यासाठी शिवायचा, आणि आजच्या मुलीनं तोवर त्यात सावकाश राहायचं. आमच्या सगळ्या झग्यांना आत दाब असे, दर जूनला आई उसवून एक बोट खाली करी. झग्यात कोणी पडत नाही. म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

पायजमा घालून पहिल्या दिवशी वंदना बीमवर चढली आणि लगेच उतरली. “बाई, माह्या पायात कोणीतरी दुसरं घुसलं आहे,” ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. उलटं उभं राहिलं की सदरा तोंडावर येई, पायजमा गुडघ्यापर्यंत घसरे, आणि झाकण्यासाठी आणलेला कपडा आधी होतं त्यापेक्षा जास्त दाखवी. खिडकीतल्या माणसांना तर हा नवाच तमाशा मिळाला. सदरा खोचा, नाडी आवळा, परत चढा. माझं मात्र बरं चाललं होतं. मी तशीही हळू खेळत होते, आणि माझा पायजमा शेजारच्या लहान पोराच्या मापाचा, घोट्याशी नीट संपत होता. मी सरावात पहिल्यांदा खिडक्यांकडे न पाहता कमान टाकली. हे सांगायला मला लाज वाटते, पण ते तीन आठवडे मी सुखात होते.

मला झाकलेलं आवडतं. आजही मी पूर्ण बाह्यांचाच पोशाख घालते, उन्हाळ्यातसुद्धा. त्यावरून मला कोणी मागासलेपणाचं व्याख्यान देऊ नये. देणारे भेटले आहेत. ज्यांनी मला उघडं व्हायला सांगितलं आणि ज्यांनी झाकून घ्यायला सांगितलं, त्या दोघांचा सूर एकच होता. दोघंही माझ्याकडे न पाहता माझ्या कपड्यांकडे पाहून बोलत होते.

नागपूरच्या हॉलमध्ये खऱ्या गाद्या होत्या, निळ्या, रबरासारख्या, वास नसलेल्या. इतर गावांच्या मुली चमकत्या कॉश्च्युममध्ये दोरीवरच्या चिमण्यांसारख्या बसल्या होत्या. आम्ही सहा जणी निळ्या पायजम्यात रांगेनं आत गेलो तेव्हा पंचांच्या टेबलावरची एक बाई शेजारणीला हिंदीत म्हणाली, “ये क्या योगासन करने आई हैं?” तिनं केस छान कापलेले होते. मला तिचाही राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पोशाखाचे गुण कापले जातील, असं तिनं लांजेवार बाईंना हसत हसत सांगितलं. कापलेले गुण भरून काढण्याइतकी वंदना चांगली होती. पहिल्या दोघींत आली असती तर राज्याच्या संघात गेली असती. हे तिला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि कारखान्यात पाळी करणाऱ्या तिच्या वडिलांना तर तारखेसकट माहीत होतं.

मी आधी खेळले. कसंबसं, पण पडले नाही. मग वंदना बीमवर गेली. सुरुवात इतकी सुरेख झाली, की शेजारच्या मुली बोलायच्या थांबल्या. पाय बाजूला उचलून कानापर्यंत नेला. कार्टव्हील घातलं, दोन्ही पाय बीमवर टेकले, आणि उतरण्याआधीची शेवटची उडी घ्यायला तिनं पाय फाकवले तेव्हा शालिक मास्तरांची कच्ची शिलाई सुटली. आत दुमडलेलं चार बोटं कापड नाडीतून निसटून टाचेखाली आलं. ती तिच्या भावाच्या उंचीवर पाय देऊन घसरली.

तो लोंबणारा दोरा मी आधी पाहिला होता का, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. नव्हता पाहिला. नंतर मनात मात्र इतक्यांदा पाहिला की आता तो खरा झाला आहे.

ती कोपरावर पडली. हॉलमध्ये मागे कोणीतरी हसलं, कारण पायजमा एका पायातून पुरता खाली लोंबत होता. ती एका हातानं तो वर ओढत होती. दुसरा हात उचलत नव्हता. लांजेवार बाई धावल्या. पहिल्या रांगेतून बापूसाहेब बसल्याबसल्या म्हणाले, “घाबरली पोरगी. मोठा हॉल कधी पाहिला नाही ना.”

दवाखान्यात नेऊ, असं लांजेवार बाई म्हणाल्या होत्या. बापूसाहेबांनी घड्याळ पाहिलं. सूज आहे नुसती, ते म्हणाले, मोडलं असतं तर पोरगी अशी उभी राहिली असती का, आणि पॅसेंजर चुकली तर सहा मुली घेऊन कुठे राहायचं. आम्ही संध्याकाळच्या पॅसेंजरनं निघालो. वंदना खिडकीशी बसली, हात माझ्या मफलरमध्ये बांधलेला. ती रडली नाही. बाहेर शेतांत धानाचे भारे रचलेले दिसत होते. तिनं मला एवढंच विचारलं, “माहे गुण किती लिहिले असतीन वं?”

वरठीच्या स्टेशनावर तिचे वडील सायकल घेऊन उभे होते. त्यांनी लांब हात करून आधी बाईंना “जयभीम बाई” म्हटलं, तोंडभर हसून, कारण त्यांना वाटलं होतं आपण निकाल ऐकायला आलो आहोत. मग त्यांना गळ्यातला मफलर दिसला. कॅरिअरवर बसायचं तर तिला एका हातानं सीट नीट धरता येईना. त्यांनी तिला चालवत नेलं, एका हातात सायकल, दुसरा हात तिच्या डोक्यावर.

हाड मोडलंच होतं. प्लॅस्टर उशिरा लागलं आणि हात वाकडा जुळला. शाळेनं सराव कमी पडल्याचं लिहून ठेवलं आणि त्या उन्हाळ्यात लांजेवार बाई नोकरी सोडून गेल्या. पायजम्यांवर कोणी काही बोललं नाही. ते पुढे समूहगीताच्या कार्यक्रमात मुलांना घातले.

आता मी त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका आहे. मुख्याध्यापिकाबाई बदलल्या, बापूसाहेब नाहीत बदलले. खिडक्यांना जाळ्या लागल्या आहेत, पडदे नाहीत. घरोघरी टीव्ही आला. परदेशी मुली बीमवर उड्या मारताना बापूसाहेबही घरी कुटुंबासह पाहतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन “काय लवचिक असतात जी!” म्हणून सांगतात. त्या मुलींच्या पायांची त्यांना काही तक्रार नाही. त्या आपल्या नाहीत ना.

तीन आठवड्यांपूर्वी फाटकाशी पांढऱ्या साडीतली एक बाई एका मुलीचं बोट धरून उभी होती. मी ओळखण्याआधी तिनंच हाक मारली. “अजून खांबावानीच उभी राहतेस वं तू!” वंदना. आता आंधळगावच्या दवाखान्यात नर्स आहे. बोट धरलेली मुलगी तिच्या मोठ्या बहिणीची, शीतल; आजोळी वरठीला राहून आमच्याकडे चौथीत शिकते. आणि जिम्नॅस्टिक्समध्ये आहे. मला माहीत होतं ती आहे, ती कोणाची आहे हे माहीत नव्हतं. तिला बीमवर बोलायची सवय आहे.

वंदनानं मला हात दाखवला. कोपर सरळ होत नाही. “सुई द्याले बरं पडते,” ती हसत म्हणाली. “आधीच वाकला राहते. डॉक्टर म्हणते, तुह्या हातची सुई दुखत नाही.” मग शीतल आत पळाल्यावर तिनं जाता जाता विचारलं, जसं नऊ वर्षं जपून ठेवलेलं काही विचारतात तसं नाही, सहज, रस्ता विचारावा तसं, “काहून वं, त्या पायजम्याची बुद्धी कोणाले सुचली होती, तुले मालूम आहे का? मले एकदा पाह्याचं होतं त्याले.”

मी म्हणाले, “नाही माहीत.”

इतकं सोपं होतं ते. नऊ वर्षं मी गप्प होते, ते खोटं नव्हतं असं मी मानत आले होते. त्या दिवशी फाटकाशी ते दोन शब्दांत खोटं झालं. ती सायकलवर बसून गेली, वाकडा हात हँडलला कसा धरते ते मी वळणापर्यंत पाहत राहिले.

शुक्रवारी सकाळी, पालक यायच्या आधी, मी सहाही मुलींना सरावाच्या वेळी विचारलं की तुम्हाला काय घालायला आवडेल. त्या आधी एकमेकींकडेच पाहत राहिल्या. हा परीक्षेतला प्रश्न आहे का, असं वाटलं असावं. मग दोघींनी घोट्यापर्यंतची तंग विजार मागितली. तिघींना पाय मोकळे हवे होते. शीतल त्यांत होती. एकीला कसाही चालेल, पण लाल हवा. अर्ध्या मिनिटात झालं. मी ते कागदावर लिहिलं आणि कागद हजेरीपटात ठेवला, आणि तो पुढे करायला मला जमणार नाही हेही मला तेव्हाच कळलं.

दुपारी चौथीच्या वर्गात मुलांच्या बाकांवर पालक बसले, गुडघे छातीशी घेऊन. धानकापणीमुळे निम्मेच आले होते. शीतलची आई शेतात होती, म्हणून मावशी आली. ड्यूटीवरून तशीच, उशिरा, शेवटच्या बाकावर. मी भिंतीशी उभी होते. बापूसाहेबांनी टेबलावर नमुना पसरला. निळी सलवार, लांब कुडता, कंबरेला पट्टा. टेरिकॉटच. दोन-तीन जणांनी कापड चुरून पाहिलं. एक जण म्हणाले, “टिकाऊ आहे.”

“कोणाला काही म्हणायचं आहे?” बापूसाहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता नमुन्याची घडी घालायला घेतली.

वंदना उठली. पुढे आली, घडी सोडवली, सलवारीचा तळ उलटा केला. “दुमडून शिवलं आहे आतमधी.”

“हो ना बाई. वाढत्या अंगाचं आहे.”

“हे घालून पोरगी बीमवर उलटी होईन कशी, सायब?”

“पट्टा दिला आहे. सगळा विचार केलेला आहे,” बापूसाहेब म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. तिचा हात त्यांच्या टेबलावर होता, वाकलेला, आणि त्यांनी ओळखलं नाही. “आणि हे पाहा, समिती काही लादत नाही. समितीला हौस नाही. मागंसुद्धा मुलींनीच मागितला होता पायजमा. मुलींचीच मागणी होती, आम्ही तिला मान दिला. आपल्याकडच्या मुलींना उपजतच समज असते.”

“कोणत्या मुलींनी जी?” वंदना म्हणाली.

“आता जुनी गोष्ट झाली. नावं कायले पाहिजे?”

“मी होते त्याच्यात,” ती म्हणाली. “मी नाही मागितला. म्हणून विचारते.”

बापूसाहेब तिच्याकडे आता पाहायला लागले. मुख्याध्यापिकाबाई खाली पाहत होत्या. कोणीतरी खोकलं. वंदनानं वळून पालकांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि माझ्याकडे पाहायच्या आधीच मी भिंतीपासून दूर झाले.

“मुलींनी नाही, सर,” मी म्हणाले. “एका मुलीनं. मी मागितला होता, माझ्यापुरता. वंदनाला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.”